सिटी की वर्ना: गर्दीत चालवून बघा

होंडा सिटी घ्यावी की ह्युंदाई वर्ना, या चर्चेत वर्ना टर्बोचे १६० पीएस (इंजिनाची ताकद) विरुद्ध सिटी पेट्रोलचे १२१ पीएस, एवढ्यावरच तुलना अडकलीय म्हणून लिहितो. रोजचं चालवणं गर्दीतलं असेल तर आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघा. वर्ना टर्बोमधला ड्युअल क्लच (दोन क्लच वापरून झटपट गिअर बदलणारा ऑटोमॅटिक) मोकळ्या रस्त्यावर झकास, पण मुंगीच्या पावलांनी सरकताना क्लच सतत अर्धवट टेकलेला राहतो आणि तापतो. सिटीचा सीव्हीटी (ठरावीक गिअरांच्या टप्प्यांशिवाय चालणारा ऑटोमॅटिक) तिथे लोण्यासारखा. ओव्हरटेक करताना मात्र इंजिन आधी ओरडतं, गाडी मागाहून पळते (मला हे जाम खटकतं).

डिकी दोन्हींची पाचशे लिटरच्या वर, तो वाद सोडा. फक्त सिटी हायब्रिडची (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली) बॅटरीमुळे ३०६ लिटरच उरते. आणि टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवा, वर्नाचं छत मागे बरंच उतरतं.