गेटच्या रस्त्याकडची नाली बुजवायची हाय, पाणी कुठून काढावं?

रानातलं_घर (परभणी): राम राम मंडळी. जिंतूर रोडला शेतात घर हाय आमचं. गेटपासून ओसरीपर्यंत साठेक फुटाचा मुरमाचा रस्ता अन् त्याला लागूनच नाली, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल. वरच्या अंगाला दोनेक एकर रान, त्याचं सगळं पाणी ह्याच नालीतून खाली ओढ्याला जातं. उन्हाळ्यात नाली कोरडी ठणठणीत असती, पण रात्री गाडी वळवताना चाक कडंला जातं, मागं पाव्हण्याची कार निम्मी आत बसली, अन् लेकरं बी तिथंच खेळायलेत. मिस्त्री म्हणायलाय की सहा इंची पीव्हीसी टाका, वरून मुरूम लोटा, दिवसात मोकळं. मला पटंना, सप्टेंबर 2025 चा पाऊस डोळ्यानं बघितलाय. जमीन काळी. काय करावं?

पाणलेव्हल: मिस्त्रीला आधी हिशोब विचारा भाऊ. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दोन एकर म्हणजे आठ हजार चौरस मीटरच्या वर, तासात 60 मिमी पडला तर पावणेपाच लाख लिटरच्या पुढं जातं. त्यातलं निम्मं मुरलं धरलं तरी सेकंदाला 65-70 लिटर तुमच्या नालीत येणार, आणि काळी जमीन एकदा फुगली की निम्मं पण मुरत नाही. सहा इंची पाइप चांगला उतार असला तरी सेकंदाला वीसेक लिटर काढतो, बाकीचं मुरमावरून रस्ता घेऊन ओसरीत. बारा इंची सिमेंटचा नळा कसाबसा पुरेल, पण त्यात तुरीचं एक धसकट आडवं बसलं की खेळ खल्लास. घ्यायचाच तर अठरा इंची.

गिट्टी_खडी: एवढं कशाला, भोकाचा पाइप टाकून भोवती गिट्टी भरा, पाणी जिरून जाईल. आमच्याकडं नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे शोषखड्डे बघा की.

पाणलेव्हल: दादा ते शोषखड्डे घरातल्या सांडपाण्यासाठी हायत, न्हाणीचं अन् भांड्याचं पाणी, दिवसाला काहीशे लिटर. इथं रानातून गढूळ लोंढा येणार, काळ्या मातीचा गाळ गिट्टीत बसला की एक-दोन पावसाळ्यात ती चोंदती आणि मग सगळं उकरून काढा. आणि काळ्या जमिनीत पाणी जिरायला वेळ किती लागतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

रानातलं_घर: अठरा इंची बसतंय का पण अडीच फुटात? ऊसाची ट्रॉली बी येती आमच्याकडं.

साइटवरचा_पोरगा: नाही बसत, तेच सांगणार होतो. जाडी धरून नळा बाहेरून दोन फुटाचा होतो, वर राहतो जेमतेम अर्धा फूट, ट्रॉली गेली की नळा फुटला समजा. खोल उकरावं तर पाणी सुटतंय तिथली लेव्हल त्याच्या खाली पाहिजे, नाहीतर नळ्यातच तळं. माझं मत विचाराल तर पूर्ण बुजवूच नका. नालीच्या पलीकडं जागा हाय का?

रानातलं_घर: कंपाउंडपर्यंत चार-पाच फूट मोकळंच हाय.

साइटवरचा_पोरगा: मग काम झालं. खालचा दीड फूट मुरमानं भरा, अर्धा फुटाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमस (ठोकून दाबायचं जड अवजार) मारायचा, मग दुसरा थर. जेसीबीनं एकदाच ढकलून दिलं तर पहिल्याच पावसात बसतं. उकरलेली काळी माती परत भरू नका, उन्हाळ्यात भेगा अन् पावसाळ्यात फुगवटा. वरती सहा फूट रुंद, मधे एक फूट खोल अशी परातीसारखी पसरट नाली काढा. साठ फुटाला सात इंच उतार मिळाला तर भरलेल्या अठरा इंची नळ्यापेक्षा कमी पाणी नाही नेत ती, अन् कचरा अडकला तर वरूनच दिसतो. चाक उतरलं तरी गाडी आपली बाहेर निघती. तळाला हरळी लावा, शेतात तिला शिव्या देतो आपण पण माती धरायला तिच्यासारखी दुसरी नाही. रस्त्याला नालीकडं थोडा ढाळ ठेवा, दहा फुटाला अडीच इंच. ट्रॉली जिथं आडवी जाती तेवढ्याच जागी दोन्ही बाजूला भिंती घालून आरसीसी ढापे (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या लाद्या) टाका, अन् ते उचलता येतील असे ठेवा. ओढ्यात पाणी पडतं तिथं दगडाचं पिचिंग करा, म्हणजे दगड रचून बसवा, नाहीतर तिथून खचत मागं येईल.

बांधावरचा_वकील: एक बघून घ्या. खाली दुसऱ्याचं रान असंल तर पाण्याची वाट बदलू नका, जिथून जात होतं तिथूनच सोडा. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली समोरचा तहसीलदाराकडं जाऊ शकतो, सहा महिन्यांच्या आत. आणि गेटजवळचा तुकडा सरकारी रस्त्याच्या नालीत येत असंल तर तिथं हात लावायच्या आधी ज्यांचा रस्ता हाय त्यांची परवानगी घ्या.

रानातलं_घर: खाली चुलत्याचंच रान हाय, तिथं बोलणंच अवघड 😄 पण वाट तीच ठेवतो. मुरूम किती ब्रास लागंल?

साइटवरचा_पोरगा: साठ गुणिले तीन गुणिले दीड, 270 घनफूट, म्हणजे 2.7 ब्रास. दाबून बसतो म्हणून साडेतीन मागवा. पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं उतार आधी मोजा मग गाडी बोलवा, अन् काम मे महिन्याच्या आत उरका.