पहिलीतल्यांचं वाचन: ग्रुपवरची आजची चर्चा

बी-४०३ : मंडळी, मुलगी पहिलीत आहे. ए-बी-सी-डी तोंडपाठ आहे, पण ‘कॅट’ वाच म्हटलं की ‘सी-ए-टी’ म्हणते आणि तिथेच अडते. रोज पाठांतर घेतोय, अजून काय करावं?

ए-१०२ : आमचा चित्र बघूनच शब्द ठोकून देतो. लिहिलंय ‘पप’, हा म्हणतो ‘डॉग’.

सी-२०१ (शिकवणाऱ्या काकू) : अगं, तिचं काही चुकत नाहीये. सी, ए, टी ही अक्षरांची नावं. कितीही भरभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघणार नाही. आवाज जोडले की निघतो: क्-अ‍ॅ-ट्. इंग्रजीत अक्षरं २६ आणि उच्चार साधारण ४४, त्यामुळे नुसत्या नावांवर भागत नाही.

आणि आपल्या मराठी घरांत एक हटकून होतं. आपण ‘क’, ‘ट’ म्हणतो, त्यात ‘अ’ येतोच. मग मूल ‘क-अ‍ॅ-ट’ जोडतं आणि शब्द काही ओळखीचा वाटत नाही. पाय मोडून म्हणा. क्. ट्. तिथेच थांबायचं.

बी-४०३ : सगळेच आवाज असे तोडायचे का काकू?

सी-२०१ : नाही गं. स्, म्, न्, फ् लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. ‘म्म्म-अ‍ॅ-न्न्न’ एका श्वासात, मध्ये न थांबता. क्, ट्, प् आधी शब्दाच्या शेवटी घ्या, मॅट, सॅट, मॅप असे. ते जमले की सुरुवातीला आणा.

ए-१०२, चित्र हाताने झाकायचं. आधी शब्द, मग चित्र उघडून जुळलं का बघायचं. अडला तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवा आणि थोडं थांबा, लगेच सांगून टाकू नका. ‘काल तर येत होतं!’ हे मात्र अजिबात नको. मुलं त्याने फार खट्टू होतात, वर्गात रोज बघते.

डी-५०४ (आजोबा) : मराठीत तर लिहू तसं वाचू, तरी आमची नात ‘कि’पाशी अडखळते.

सी-२०१ : आजोबा, बरोबर आहे तिचं! वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. ‘का’, ‘की’ पक्के होऊ द्या, मग ‘कि’ घ्या. पुस्तकाशिवायही खेळा. तुम्ही ‘न्-अ-ळ्’ म्हणा, तिने घरात ती वस्तू शोधायची. मग तिने तोडायचं, तुम्ही ओळखायचं. दहा मिनिटं पुरे, पण रोज. आणि तुम्ही गोष्ट वाचून दाखवता ना, ती वाचायला लागली तरी बंद करू नका.

ए-१०२ : बी आणि डी उलटे लिहितो, डॉक्टरांना दाखवू का?

सी-२०१ : या वयात सर्रास होतं. दोन्ही एकत्र शिकवू नका. आधी फक्त बी, बोटाने मोठा गिरवत, तोंडाने ‘ब्’ म्हणत. तो पक्का झाल्यावरच डी. दुसरी संपत आली तरी वाचन असंच अडत असेल, तर बाईंशी बोला आणि कान-डोळे तपासून घ्या.

बी-४०३ : आज ‘मॅन’पासून सुरू करते काकू 🙏