नाइट लिझर्ड म्हणजे पालच ना? आणि नावाच्या शेवटी 'टम' कशाला?

चहाबाज: भाचा कोस्टारिकाला फिरायला गेलाय, त्याने फोटो पाठवला, कुजक्या ओंडक्याखाली काळपट प्राणी, अंगावर पिवळे ठिपके, डोळ्याला पापणीच नाही. मी म्हटलं पाल आहे रे, तर ॲप सांगतंय लेपिडोफायमा फ्लॅविमॅक्युलेटम, ट्रॉपिकल नाइट लिझर्ड. मग पाल का नाही? आणि इतर नावांत मॅक्युलेटस बघितलंय, इथे टम कसं?

कौलारू: टमचं सोपंय. काळा घोडा, काळी घोडी, काळं मांजर, तसंच ते. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. फायमा हा ग्रीक शब्द, म्हणजे गाठ, शेवटी आ आहे म्हणून बाईमाणूस वाटतो पण आहे नपुंसकलिंगी, म्हणून टस नाही, टा नाही, टम. लेपिस म्हणजे खवला. फोटो झूम कर, बारीक खवल्यांमध्ये मोठे खडबडीत उंचवटे दिसतील, त्यावरूनच नाव, १८५१ सालचं, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरीलने दिलेलं.

खडीसाखर_७: पापणी नाही म्हणून पूर्वी भलेभले यांना पालींच्या जवळचे समजायचे, त्यामुळे तुझं काही चुकलं नाही. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, धूळ बसली की जिभेने चाटून साफ करतात, अगदी आपल्या भिंतीवरच्या पालीसारखं. पण पाल अंडी घालते, हे थेट पिल्लं देतात, आणि डीएनए बघितल्यावर नातं निघालं सापसुरळीच्या बाजूचं. कुळ झँटुसिडी, झांतुश नावाच्या हंगेरियन माणसावरून, तो कॅलिफोर्नियातून प्राणी गोळा करून वॉशिंग्टनला बेअर्ड नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे पाठवायचा. कुळात वंश तीनच, झँटुसिया, लेपिडोफायमा आणि क्युबातला क्रिकोसॉरा, त्याची तर एकच जात.

चहाबाज: भारी. पण नाइट कसलं, फोटो भरदुपारचा आहे की.

कौलारू: नावावर जाऊ नकोस, दिवसाही हिंडतात, फक्त ओंडक्याखाली नाहीतर दगडाच्या फटीत, म्हणून कोणाला दिसत नाहीत. चिकटलं ते चिकटलं.

चहाबाज: भाचा विचारतोय नर का मादी?

खडीसाखर_७: फोटोवरून काय सांगणार, पण पनामात याच जातीच्या नुसत्या माद्यांच्या वस्त्या आहेत, नराशिवायच पिल्लं होतात. तेव्हा पैज लावायची तर मादीवर लाव.

चहाबाज: म्हणजे नाव नपुंसकलिंगी, घरच्या ग्रुपवर मी 'हा सरडा बघा' म्हणून टाकलंय, आणि निघणार ती मादी. एडिट करतो थांबा.

कौलारू: सरडा पण काढ. सापसुरळीची चुलत बहीण लिही :)