शब्दचर्चा : 'स्टिफ' समीकरण ताठर की कडक?

बदलाचा दर सांगणारी काही समीकरणं (विकलक समीकरणं) आकडेमोडीने सोडवताना त्रास देतात, त्यांना इंग्रजीत 'स्टिफ' म्हणतात. त्यांना मराठीत काय म्हणावं, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही 'स्टिफ' या एकाच शब्दाबद्दल विचारलंत, पण मला त्याआधी 'स्टेप'कडे वळावंसं वाटतं. तो शब्द नीट लागला की 'स्टिफ'चं कोडं निम्मं सुटतं.

अशी समीकरणं आकडेमोडीने सोडवण्याची, गणितज्ञ ऑयलरने १७६८ साली मांडलेली रीत सगळ्यांत साधी. आत्ताची किंमत घ्या, आत्ताचा बदलाचा दर घ्या, त्या दिशेने थोडं पुढे सरका, आणि पुन्हा तेच करा. या 'थोड्या'ला, म्हणजेच 'स्टेप'ला, बरेच जण 'पायरी' म्हणतात. मला ते पटत नाही. गणितात 'पायरी' म्हटलं की आपल्याला उत्तरपत्रिकेतली ओळ आठवते, पायऱ्यांचे गुण आठवतात. शिवाय पायरी दुसऱ्या कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली असते; तिची उंची आपल्या हातात नसते. इथे तर अंतर आपणच ठरवतो, वाटेत बदलतोही. म्हणून 'पाऊल'. पाऊल लांब टाकता येतं, आखडतं घेता येतं, जपूनही टाकता येतं. ही सगळी क्रियापदं मराठीत तयार आहेत.

आता 'स्टिफ'. हा शब्द कर्टिस आणि हर्शफेल्डर या रसायनशास्त्रज्ञांच्या १९५२च्या लेखापासून रूढ झाला. त्यांच्यासमोर रासायनिक अभिक्रियांची समीकरणं होती. एक छोटं उदाहरण बघा. बदलाचा दर फलाच्याच, म्हणजे बदलणाऱ्या राशीच्या त्या वेळच्या किमतीच्याच, उणे ५० पट आहे आणि सुरुवात १ पासून. खरं उत्तर झपाट्याने विझतं, ०.१ वेळेला ते ०.००६७च्या आसपास असतं. पण ०.१चं पाऊल घेऊन ऑयलरच्या रीतीने चाललात, तर −४, १६, −६४ असे आकडे येतात. पाऊल ०.०४पेक्षा लहान ठेवल्याशिवाय उत्तर ताळ्यावर राहत नाही. तेही केव्हा, तर पुढे बघण्यासारखं काही उरलेलं नसताना! समीकरणात याच्या जोडीला दुसरा, अगदी संथ भाग असला, तर त्या संथ भागासाठीसुद्धा हीच बारीक पावलं टाकत बसावं लागतं.

'कडक' अगदीच चुकीचा नाही. आपण 'स्प्रिंग कडक आहे' म्हणतोच. पण 'कडक'मधून फक्त तो वेगवान भाग दिसतो, आणि नुसता वेग म्हणजे 'स्टिफ'पणा नव्हे. वेगवान बदलच टिपायचा असेल तर बारीक पावलं तशीही लागणारच, त्याबद्दल तक्रार कसली? अडचण होते ती वेगवान आणि संथ एकत्र नांदतात तेव्हा. 'ताठर' शब्द हे नेमकं पकडतो. ताठर भूमिका नेहमी कुणाच्या तरी समोर घेतलेली असते. इथे समीकरण आपल्या पावलासमोर हटून बसतं. 'दृढ' मी बाजूला ठेवतो, कारण न वाकणाऱ्या वस्तूसाठी यंत्रशास्त्राने तो आधीच घेतलाय. 'चिवट' तर उलटाच, चिवट वस्तू ताणली जाते.

ताठर समीकरणाला उपाय अव्यक्त ('इम्प्लिसिट') रीतींचा. दर आत्ताचा न घेता पुढच्या, अजून न सापडलेल्या किमतीवरून घ्यायचा. वरच्याच उदाहरणात ०.१चंच पाऊल ठेवून १/६, १/३६, १/२१६ असं शांतपणे खाली उतरता येतं. बीजगणिताचं जुनं नाव अव्यक्तगणित, म्हणून 'अव्यक्त' हा शब्द मला इथे फार शोभतोसा वाटतो : अज्ञात किंमत समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असते आणि प्रत्येक पावलाला ती सोडवूनच पुढे जावं लागतं.