मदत हवी: कांटवरचं टिपण "हा मिल झाला" असा शेरा मारून परत आलंय

गंगावेस_कट्टा: सोमवारी पुन्हा लिहून द्यायचंय आणि मी पार वैतागलोय. कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या निरपेक्ष आदेशावर (सगळ्यांसाठी इच्छिता येईल अशाच नियमानं वागायचं, ते) टिपण दिलं होतं. मॅडमनी खाली लाल पेनानं एवढंच लिहिलं, "हा कांट नाही, हा मिल झाला." मिल हा दुसराच, इंग्रज तत्त्वज्ञ, त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही मी! काय चुकलंय ते सांगा की कुणीतरी. लवकर.

जुना_करवीरकर: तू काय लिहिलंयस ते टाकल्याशिवाय कसं सांगणार, भावा? वर्ष कुठलं?

स्पर्धावाला: थिअरीत अडकू नका. यूपीएससीला २०१३ पासून जीएस चारचा, म्हणजे नीतिशास्त्राचा पेपर आहे, २५० मार्कांचा. निम्मं वजन केस स्टडीला. माझ्या हाताच्या नोट्स आहेत, पाहिजेत तर सांगा.

गंगावेस_कट्टा: बी.ए. भाग एक. यूपीएससी नाही हो. आणि भावा नाही, मुलगी आहे.

सदाशिवपेठी: मग "वैतागलोय" कसं?

जुना_करवीरकर: आमच्याकडच्या पोरी "मी येतो" म्हणूनच घरातनं बाहेर पडतात. तुम्ही कांटवर बोला.

निष्काम: सरळ गीता लिही. फळाची आशा न धरता कर्म, म्हणजेच कांट. आमच्या वेळी एवढ्यावर पूर्ण मार्क पडायचे.

चार्वाकाचा_पाहुणा: नाही जमत ते. गीतेत अर्जुनाचं कर्तव्य तो क्षत्रिय आहे म्हणून ठरतं. कांटचा नियम ज्याला म्हणून बुद्धी आहे त्या प्रत्येकाला सारखा.

निष्काम: तुम्ही गीता नीट वाचलेली दिसत नाही.

जुना_करवीरकर: पोरीचं टिपण कुठाय?

गंगावेस_कट्टा: हे घ्या. "खोटं वचन देऊ नये, कारण सगळेच खोटी वचनं देऊ लागले तर कुणाचा कुणावर विश्वास राहणार नाही, व्यवहार थांबतील आणि समाजाचं मोठं नुकसान होईल." सगळ्यांना लागू करून बघायचं, हाच कांट ना?

जुना_करवीरकर: अर्धा बरोबर. घोळ शेवटी आहे. "नुकसान होईल" म्हटलंस की तू परिणाम मोजायला बसलीस. ते मिलचं दुकान, तो परिणामांवरूनच बरं-वाईट ठरवतो. कांटनं १७८५ च्या पुस्तकात उदाहरण दिलंय ते परत करायचे नाहीत हे माहीत असताना उसने पैसे मागणाऱ्याचं. आपल्या किराणा दुकानात पाटी असते बघ, "आज रोख, उद्या उधार". समज, उधारी बुडवणं हाच सगळ्यांचा नियम झाला. मग "पुढच्या महिन्यात देतो" हे वाक्य ऐकून दुकानदार हसेल, ते वचन म्हणून उरणारच नाही. म्हणजे तुझा नियम स्वतःच्याच पायाखालची फळी काढून घेतो. वाईट घडतं हा मुद्दा नाही, असा नियम सगळ्यांसाठी इच्छिताच येत नाही. तुला लबाडी करायची आणि बाकीच्यांनी शब्द पाळायचा, ही तुझी अट.

चार्वाकाचा_पाहुणा: मॅडमशी भांडायचं असेल तर एक दारूगोळा देतो. मिलनं स्वतःच कांटला हाच टोमणा मारलाय, की शेवटी तुम्हीसुद्धा परिणामच दाखवताय. तुझी चूक खानदानी आहे.

जुना_करवीरकर: तिला भांडायचं नाही, पास व्हायचंय.

निष्काम: दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देतात, पाण्याचा थेंब नाही. ही आपली कोल्हापुरी नीती. कांट कशाला पाहिजे?

चार्वाकाचा_पाहुणा: समोर उभं राहून बघतोयस म्हणून पाणी नाही! कांटच्या उदाहरणातला दुकानदार हाच. लहान पोरालाही तोच भाव लावतो, पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून. वागणं कर्तव्याला धरून, पण कर्तव्यापोटी नाही.

निष्काम: पहाटे उठून म्हशी आणणाऱ्याच्या मनातलं तुम्हाला काय कळतंय?

जुना_करवीरकर: हे मात्र खरं. कांटही म्हणतो, आतला हेतू नक्की कळत नाही, स्वतःचासुद्धा.

गंगावेस_कट्टा: थांबा, हे म्हशीचं मी टिपणात घेतो. आता असं लिहिलंय: "सगळ्यांनी खोटी वचनं दिली तर वचन ही गोष्टच उरत नाही, म्हणून हा नियम सर्वांसाठी इच्छिता येत नाही. शिवाय त्यामुळे समाजाचं नुकसान होतं."

जुना_करवीरकर: "शिवाय"पासून पुढचं खोड.