पुराचा नकाशा करायचाय पण लॅपटॉप हँग होतोय, अर्थ इंजिन घेऊ की कोपर्निकस?

शिरोळची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी भूगोलला आहे, प्रोजेक्ट घेतलाय शिरोळ तालुक्यातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुराचा. आमच्या घरातपण दोन्ही वेळा पाणी आलेलं, त्यामुळे विषय नुसता मार्कांपुरता नाहीये माझ्यासाठी. सेंटिनेल-१ (युरोपचा रडार उपग्रह) ची एकेक फाइल जवळजवळ १ जीबीची, ८ जीबी रॅमवर उघडली की सगळं ठप्प. ग्रुपमध्ये आम्ही तिघी आहोत, पेनड्राइव्ह फिरवून फिरवून कुणाकडे कुठलं व्हर्जन आहे तेच कळेना झालंय. तिघींना एकत्र काम करता येईल आणि खर्च होणार नाही असं काय आहे? जुने व्हिडिओ बघून सायहबवर (सेंटिनेलच्या फाइल उतरवायची साइट) गेले तर ते उघडतच नाही.

नकाशेवेडा
सायहब २०२३ मध्येच बंद झालं ताई, त्याच्या जागी कोपर्निकस डेटा स्पेस आलंय, तिथे ब्राउझरमध्येच इमेज बघता येते आणि ज्युपिटर नोटबुकपण (तिथेच कोड लिहून चालवायची सोय) मिळतं. पण तुमच्या कामाला मी आधी गूगल अर्थ इंजिन म्हणेन. शिक्षणासाठी फुकट आहे, फक्त क्लाउड प्रोजेक्ट काढून बिगर-व्यावसायिक म्हणून नोंदवायचा. डेटा तिथेच पडलेला असतो, आपण फक्त कोड पाठवायचा, त्यामुळे ८ जीबी रॅमचं टेन्शन घेऊच नका. सेंटिनेल-१ तिथे कॅलिब्रेशन (सिग्नलचे आकडे नीट लावणं) आणि टेरेन करेक्शन (डोंगर-उतारामुळे आलेली चूक काढणं) होऊन डेसिबलमध्येच (सिग्नल किती जोरात परत आला त्याचं माप) मिळतं, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

तिघींसाठी अर्थ इंजिनमध्ये एक रिपॉझिटरी (कोड ठेवायची सामायिक जागा) काढा आणि दोघींना रायटर करा, म्हणजे त्यांनाही बदल करता येतील. नुसती लिंक पाठवली तर ती त्या क्षणाच्या कोडची प्रत असते, नंतरचे बदल त्यात येत नाहीत. आणि तालुक्याची हद्द असेट (आपण स्वतः चढवलेली फाइल) म्हणून टाकली असेल तर ती वेगळी शेअर करावी लागते, नाहीतर तुमच्याकडे चालणारा कोड मैत्रिणीकडे एरर देतो, आमचे दोन दिवस यातच गेलेले.

शिरोळची_लेक
थँक्यू दादा! सेंटिनेल-२ (साध्या कॅमेऱ्यासारखे फोटो घेणारा उपग्रह) घेतलं तर नाही का चालणार? रंगीत दिसतं, सरांना दाखवायला सोपं.

नकाशेवेडा
ऑगस्टमध्ये ढगच दिसतील. रडारच घ्या, ढगातून आरपार बघतं. साचलेलं पाणी सपाट असतं, ते सिग्नल दुसरीकडेच परतवून लावतं म्हणून काळं दिसतं. पुराआधीची आणि पुरातली इमेज एकाच ऑर्बिटची (उपग्रहाची वाट) घ्या, असेंडिंग-डिसेंडिंग (दक्षिणेकडून उत्तरेला आणि उत्तरेकडून दक्षिणेला जातानाच्या) मिसळू नका.

कृष्णाकाठ
थोडं सविस्तर लिहितो कारण याच भागात काम केलंय. 'पुराआधीची' म्हणून मे महिन्याची इमेज घेऊ नका, कोरडी सपाट रानंपण काळपट दिसतात आणि मग फरकच कमी येतो, त्यापेक्षा २०१८ च्या ऑगस्टमधली घ्या म्हणजे पीक साधारण त्याच वाढीचं असेल. दुसरं, एक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परत येतो, पाणी सगळ्यात जास्त होतं त्या दिवशीची इमेज मिळेलच असं नाही. म्हणून इमेजच्या तारखेला कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती होती ते नकाशावरच लिहा, धोक्याची पातळी ४३ फूट, त्याच्या वर होतं की खाली एवढं तरी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊस. उभ्या उसात कमरेएवढं पाणी असलं तरी शेंडे वर असतात, सेंटिनेलचा सी-बँड (आखूड लांबीच्या रडार लहरी) वरच्या पाल्यातच अडकतो, आणि खालपर्यंत पोचला तरी पाणी आणि उसाची कांडी यांच्यावर आपटून उलट जास्त जोरात परत येतो. म्हणजे बुडालेलं रान नकाशात कोरडं! तुमच्या तालुक्यात तर ऊसच ऊस, त्यामुळे नुसता काळा भाग मोजून हेक्टर लिहिले तर ज्यांचं खरंच गेलं ते शेतकरीच आकड्यातून गायब होतील. नकाशा झाला की प्रिंट घेऊन गावात जा, भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघा, रान कुणाचं किती दिवस पाण्यात होतं ते विचारा आणि ते पॉइंट त्याच असेटमध्ये टाका, तिघी मिळून दोन-तीन रविवारात होईल.

रास्टरराव
कृष्णाकाठशी १०० टक्के सहमत. २०२५ च्या जुलैमध्ये अवकाशात गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहात एल-बँड (जास्त लांबीच्या लहरी) आहे, तो पिकातून जास्त खोल जातो, पण २०१९ साठी त्याचा उपयोग नाही.

एक सांगतो, सगळं एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनेटरी कॉम्प्युटरचं (उपग्रहांच्या डेटाची अशीच एक सेवा) नोटबुक चालवायचं हब जून २०२४ मध्ये बंद झालं, डेटा राहिला पण तिथेच कोड चालवायची सोय गेली. निकाल जिओटिफमध्ये (जागेची माहिती असलेली इमेज फाइल, इतर नकाशा-सॉफ्टवेअरमध्येही उघडते) एक्स्पोर्ट करून ठेवा. पुढे वेळ मिळाला तर कोपर्निकसवर ओपनईओ (उपग्रहाचा डेटा वापरायची खुली कोड-पद्धत) शिका, तोच कोड थोड्या बदलाने दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरपण चालतो. २००८ च्या आधी लँडसॅट या अमेरिकन उपग्रहाच्या एकेका इमेजला पैसे मोजावे लागायचे, आज तालुक्यातली मुलगी घरात बसून स्वतःच्या गावाचा पूर मोजतेय, फार बरं वाटलं वाचून.

शिरोळची_लेक
उसाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आमचंच रान पाचव्या दिवशीपण पाण्यात होतं आणि माझ्या पहिल्या नकाशात ते कोरडं आलेलं, मला वाटलं माझाच कोड चुकला. रविवारी बाबांना घेऊन जाते, गावातल्या बऱ्याच रानांची त्यांना माहिती आहे. पॉइंट टाकले की रिपॉझिटरीची लिंक इथे देते, कुणाला त्यांच्या गावासाठी वापरायची असेल तर बिनधास्त घ्या.