कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही : हेड उघडण्यापूर्वी काय तपासावे?

निमाडवाट, इंदूर

नमस्कार मंडळी. माझी सात वर्षांची डिझेल पिकअप आठवड्यातून तीनदा बुऱ्हाणपुराहून केळी भरून चोइथराम मंडीत येते. गेल्या दीड महिन्यापासून तिचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी होऊ लागले आहे. भरलेली गाडी भेरूघाट चढून आली की प्रत्येक खेपेनंतर बाटलीत सुमारे पाव लिटर कूलंट घालावे लागते. तीच गाडी रिकामी असताना चार दिवस शहरात फिरवली, तर पातळी जवळजवळ हलत नाही. रात्री सुदामानगरात घरासमोर उभी असताना इंजिनाखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, तो तिन्ही दिवस सकाळी कोरडाच निघाला. तापमानाचा काटा अजून मधली रेघ ओलांडत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात आल्या आहेत. घाट चढून गाडी थांबवली की बॉनेटजवळ गोडसर वास येतो आणि पाच-दहा मिनिटांत तो नाहीसा होतो. ऑइलची कांडी स्वच्छ आहे, पण ऑइल भरण्याच्या टोपीच्या आतल्या बाजूला सकाळी थोडा पिवळट फेस दिसला. हा फेस पाहताच मेकॅनिकने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग, गेल्याचे सांगितले आणि हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे त्याचा तळ सपाट करून घ्यायला, पाठवावे, असे सुचवले. त्यात गाडी किमान आठ-दहा दिवस उभी राहील, आणि केळीचे गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या गाडीकडे वळले की सहसा परतत नाही, याची मला खरी चिंता आहे. हेडला हात लावण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर, पीथमपूर

हेड तूर्त उघडू नका. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी हेड गॅस्केटकडे बोट दाखवणारे लक्षण एकच आहे, आणि तेही कच्चे आहे. थंडीच्या दिवसांत गाडी थोडी थोडी चालवून बंद केली की इंजिनातली वाफ थंड टोपीवर जमते आणि ऑइलमध्ये मिसळून असाच फेस होतो. कूलंट खरोखरच ऑइलमध्ये उतरत असते, तर कांडीवरचे ऑइलही दुधाळ झाले असते आणि त्याची पातळी वाढली असती. गोड वास मात्र महत्त्वाचा आहे. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास बॉनेटजवळ येतो, याचा अर्थ ते बहुधा इंजिनाच्या बाहेरच कुठेतरी गरम लोखंडावर पडून जळत आहे, आणि म्हणूनच जमिनीपर्यंत थेंब पोहोचत नाही.

पुठ्ठा कोरडा का राहतो, हेही समजून घ्यावे. ही गळती दाबाची आहे. बरवाह्यापासून इंदूरच्या पठारापर्यंत भरलेली गाडी चढते, तेव्हा कूलंट तापून फुगते आणि रेडिएटरची टोपी ठरलेल्या मर्यादेपर्यंत तो दाब धरून ठेवते. या दाबाने बारीक फटीतूनही कूलंट बाहेर येते. रात्री इंजिन निवले की दाब संपतो आणि त्याबरोबर गळतीही थांबते. त्यामुळे रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला बाहेरून दाब देऊन पाहणे, हाच यावरचा नेमका उपाय आहे. त्यासाठी दाब दाखवणारे घड्याळ बसवलेला हातपंप मिळतो. तो टोपीच्या जागी लावून टोपीवर लिहिलेल्या आकड्याइतकाच, म्हणजे ०.९ किंवा १.१ बार जो असेल तितकाच, दाब भरावा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. जास्त दाब दिल्यास रेडिएटरची चांगली जाळी किंवा होज (रबरी नळी) फुटू शकतो. ही चाचणी गरम इंजिनावर करू देऊ नका, कारण इंजिन निवत जाते तसा काटाही खाली येतो आणि नसलेली गळती दिसू लागते; शिवाय गरम असताना टोपी उघडणाऱ्याचे तोंड आणि हात भाजतात, ते मी दोनदा डोळ्यांनी पाहिले आहे.

काटा उतरला, तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधावे. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते; आतले सील गेले की तिथून ओघळ येतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते तो सांधा, थर्मोस्टॅटचे घर, ब्लॉकच्या बाजूची भोके बंद करणाऱ्या वाटीसारख्या डमी आणि केबिनच्या हीटरकडे जाणारे दोन बारीक होज पाहावेत. हे होज इंजिनाच्या मागे दडलेले असल्यामुळे घाईत तपासणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात. ओल दिसली नाही तरी डाग दिसतो: वाळलेले कूलंट पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे ठेवते. संशयाचा सांधा पुसून कोरडा करावा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे एक थेंब आला तरी त्याची वाट स्पष्ट उमटते.

गळती बंद करणारी पूड किंवा द्रव कोणी टाकायला सांगितले, तर कृपया टाकू नका. ते फटीबरोबर हीटरच्या आणि जाळीच्या अरुंद नळ्याही बुजवते.

घाटमाथा

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त एका गोष्टीची भर घालतो. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल सापडली नाही, तर डिझेल गाडीत हेडच्या आधी ईजीआर कूलरचा, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणाऱ्या भागाचा, विचार करावा. तो आतून चिरला की कूलंट धुराच्या वाटेने निघून जाते. सकाळी गाडी सुरू करताना दाट पांढरा धूर येतो आणि ईजीआरचा पाइप उघडल्यावर आतली काजळी ओली लागते.

हेड गॅस्केटची शंका तरीही राहिली, तर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. गरम इंजिन चालू ठेवून कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढतात. तिच्यात जळलेला वायू मिसळला असेल तर द्रवाचा रंग बदलतो. डिझेल इंजिनात तो पिवळा न होता हिरवट होतो, हे अनेकांना ठाऊक नसते आणि पिवळा झाला नाही म्हणून हेड निर्दोष ठरवले जाते. द्रवात कूलंट जाऊ देऊ नये. थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर तीही गॅस्केटचीच खूण आहे.

निमाडवाट, इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सकाळी ट्रान्सपोर्ट नगरातून हातपंप आणवून, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, चाचणी केली. आमच्या टोपीवर ०.९ लिहिले आहे, तितकाच दाब भरला. पहिली पाच मिनिटे काटा हलला नाही, त्यानंतर तो हळूहळू ०.७ वर आला. मात्र समोरून आणि खालून पाहिल्यावर सगळे कोरडेच होते. शेवटी आरसा इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यालगत सरकवला, तेव्हा हीटरचा होज जिथे लोखंडी नळीवर चढतो तिथे क्लॅम्पच्या खाली साखरेचा पाक वाळावा तसा गुलाबी थर दिसला. टाल्कम पावडर लावल्यावर त्यातून एक काळी रेघ उतरली आणि तिच्या टोकाशी थेंब जमला. तो थेट सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपावरच्या पत्र्यावर पडत होता. घाटात तो पत्रा तापलेला असणार, त्यामुळे वासाचा उलगडा तिथेच झाला.

मेकॅनिकने क्लॅम्प आवळून काम संपवायचे ठरवले होते, पण मी होज काढायला सांगितले. नळीचे तोंड गंजून त्यावर खड्डे पडले होते. वाटेत बाटलीत बोअरिंगचे पाणी भरण्याची आमच्या ड्रायव्हरची जुनी सवय होती आणि मीही ती कधी थांबवली नाही. वारंवार साधे पाणी मिसळत गेल्याने कूलंटमधले गंजरोधक घटक पातळ होत गेले असणार. नळी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली आणि दोन्ही होज नवे घालून स्क्रूचे क्लॅम्प बसवले. त्यानंतर दाट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, आत अडकलेली हवा काढली. पुन्हा दाब दिल्यावर वीस मिनिटे काटा जागचा हलला नाही. आज बुऱ्हाणपूरची दुसरी खेप भेरूघाट चढून आली. सकाळी इंजिन थंड असताना पाहिले, तर बाटलीतली पातळी खुणेवरच होती.

जुना फिटर, पीथमपूर

उत्तम काम झाले. टोपी सात वर्षांची असेल तर तिचे रबर पाहून घ्या आणि कडक झाले असल्यास त्याच आकड्याची नवी टोपी बसवा. काढलेले जुने कूलंट मात्र गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असते, गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजमधल्या वापरलेल्या द्रवांच्या टाकीत द्यावे.